सकाळची गोळी

शेवटचं काम आमी दोघांनी मिळून केलं ते ज्वारी निवडायचं. रविवार होता. ती खडे वेचत होती. मी सूप घेतलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, निम्मी अंगणात सांडताय की." दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती परत घरी आलीच न्हाय.

माझी बायको महानंदा. कडक भाकरी करून विकणाऱ्या केंद्रात चाळीस वर्षं भाकरी थापली तिनं. तुमच्या घरात डोक्याला मार लागलेलं माणूस असंल आणि ते परत कामाला जायचं म्हणत असंल, तर हे वाचा. मी फार शिकलेला न्हाय, जसं झालं तसं लिहितोय.

मागल्या साली सात रस्त्याच्या चौकात एका मोटरसायकलनं तिला उडवलं. डोकं दुभाजकावर आपटलं. सीटी स्कॅन काढला, म्हणजे डोक्याच्या आतला फोटो. डॉक्टर म्हणाले, "ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी आहे." मला काय कळणार? मग त्यांनी फोड करून सांगितलं, मार लागून मेंदूला इजा झालीय, आत रक्त साकळलंय. नऊ दिवस ती आयसीयूत, मी बाहेर बाकावर. दार उघडलं की उठायचो, लागलं की बसायचो.

जगली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "बाबा, टाके सुकले म्हणजे मेंदू बरा झाला असं नाही. फिट येऊ शकते, म्हणजे झटके. ही गोळी सकाळ-संध्याकाळ. एकही चुकवायची नाही."

चार महिने गेले. तिला वास कळेना झाला होता. शेजारणीचं नाव आठवायचं न्हाय. पण हात शिवशिवायचे. "घरात बसून मी येडी होईन," म्हणायची. डॉक्टर म्हणाले, रोज थोडा वेळ कामाला जाऊ द्या, पण विस्तवाजवळ नको.

केंद्र चालवणाऱ्या कलाबाईनं तशीच सोय केली. हिनं नुसतं थापायचं, दुसरीनं भाजायचं. पहिल्या दिवशी बायका म्हणाल्या, "अक्का, ही भाकरी हाय का नकाशा?" ही पण हसली. घरी येऊन मातर रडली. गोळीनं गुंगी यायची, हात जड पडायचे. भाकरी जाड झाली की आतून ओली राहते, कडक होत न्हाय. पंधरा दिवसांनी कलाबाईनं तिला पिशव्या भरायला बसवलं.

"अवो, मी थापायची बाई," ती घरी येऊन मला म्हणाली. "पिशव्या काय भरू?"

तिथं मी चुकलो. सणाला मी माझं साखरेचं पथ्य ढिलं करतो, हे पण तसंच समजलो. म्हणालो, "कामाच्या दिवशी सकाळची गोळी सोड. संध्याकाळची घे."

"डॉक्टर रागावतील की."

"डॉक्टर भाकरी थापतो का?"

आठ दिवसांत तिचा हात सुटला. घरची भाकरी पहिल्यासारखी पातळ, गोल झाली, तिनं ती कलाबाईला नेऊन दाखवली. कलाबाईनं परत परातीपुढं बसवलं. वीस दिवस माझी बायको लई खुशीत होती.

त्या सोमवारी थापता थापता झटका आला आणि थांबेचना. दवाखान्यात नेली, पण दिवस मावळायच्या आत गेली. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नीट चालू होत्या ना?"

मी म्हणालो, "व्हय."

गोळी जड पडत असंल तर डॉक्टरांना सांगा. ते कमी करतात, बदलून देतात. मला हे मागून कळलं. नवऱ्याचा सल्ला घेऊ नका.

मंगळवारी माती दिली. बायका कुजबुजत होत्या, "कलाबाईनं राबवून मारली तिला." कलाबाई कडेला एकटीच उभी होती. तिला ऐकू जात होतं. मला पण. मी खाली मान घालून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात गेलो. सगळ्या बायका कामाला बसल्या होत्या. उभ्या उभ्याच सांगितलं, "कलाबाईचा काय दोष न्हाय. सकाळची गोळी मी बंद केली. महानंदा नको म्हणत होती."

कलाबाईनं पदर तोंडाला लावला.

तिथनं दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना भेटायला नंबर लावून बसलो.