पंपासाठी खणलेली विहीर

आमचं गाव मुळशीच्या धरणाच्या काठावर. आमच्या बापजाद्यांच्या खाचरांवर पसरलेलं पाणी डोंगरातून खाली कोकणात सोडायचे, तिथं त्याची वीज व्हायची आणि ती थेट मुंबईला जायची. आम्ही इकडं रॉकेलच्या चिमणीनं नाकं काळी करत बसलेलो. आता कुणी मला विजेचं धोरण समजावून सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. धोरण काय असतं ते मी माझ्या आईच्या अंगावर बघितलंय, बाबांनो.

साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. मला पंधरावं लागलं होतं. गावात गिरणी नव्हती, त्यामुळं घरोघरच्या बायका उखळात भात कांडायच्या. आई धाकट्या भावाच्या वेळी बाळंत झाली आणि आठवडा व्हायच्या आत तिनं मुसळ धरलं. तेव्हापासून तिची गर्भाची पिशवी खाली उतरू लागली. जुनेराची घडी घट्ट बांधून ती कामाला उभी राहायची. सुईण म्हणाली, जड काम बंद कर. बंद कर म्हणे! मग आम्ही काय साळीची टरफलं खायची?

मला तिनं शपथ घातली होती. "तुज्या बाला कळू दिऊ नगंस. बाप्या मानसाला असलं सांगत न्हाईत." मी शपथ पाळली. जमेल तेवढं मुसळ तिच्या हातातून ओढून घ्यायचे, एवढंच.

मग एक दिवस विजेचे साहेब आले. देवळापुढं घोंगडी अंथरली, गाव जमलं. माझ्या बापाचा, आबांचा, शब्द गावात चालायचा, म्हणून बोलायला तेच पुढं. साहेबांनी सांगितलं, देशात धान्याची टंचाई आहे, म्हणून सरकारनं ठरवलंय, जिथं शेतीला पंप बसणार तिथं तारा आधी. तुमच्यात पंप किती जण घेणार?

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "पंप? सायेब, चार म्हैने आभाळ फाटतंय हितं. आमाला पान्याची कमी न्हाई!"

खोटं नव्हतं ते. अभिमानच होता आमच्या लोकांना त्या पाण्याचा, त्यानंच जुनी खाचरं बुडवलेली असली तरी. साहेब भला माणूस होता. त्यानं पेन तसंच धरून आणखी विचारलं, "भाताची गिरणी तरी कुणी टाकेल का?"

"गिरनी कशापायी? बायका हायेत की धडधाकट!"

सगळे खो खो हसले. मी चहाची किटली घेऊन देवळाच्या पायरीशी उभी होते. तोंडाशी आलं होतं, पण मेलं धाडस झालं नाही. साहेबांनी कागद मिटला.

तारा पंप घेणाऱ्या खालच्या अंगाच्या गावांना गेल्या. आणि नशीब बघा, पुढच्या वर्षी मला तिथलंच सासर मिळालं. सहा महिन्यांत तिथं विजेवरची गिरणी सुरू झाली. पोतं टाकायचं, पांढरे तांदूळ घेऊन घरी यायचं. पहिल्या दिवशी त्या गिरणीपुढं उभी राहून मी अशी ढसाढसा रडले, की सासूला वाटलं मला भूतबाधा झाली. माझ्यावाचून तिकडं आई एकटीच कांडत होती.

शिमग्याला माहेरी गेले तर आई अंथरुणाला लागलेली. उखळापाशीच पडली होती म्हणे. रक्त जात होतं, अंगात ताप. मग मात्र मी शपथबिपथ गुंडाळून ठेवली. आबांना अंगणात गाठून सगळं सांगून टाकलं.

"मला कुनी सांगितलं न्हाई," आबा म्हणाले.

"तुमी इचारलंत कदी?"

बापाला असं उलटून बोलले मी. दुसऱ्या दिवशी आबा तालुक्याला गेले आणि म्हणाले, लिहा, मला पंप पाहिजे. पंप आला की तार येईल, तार आली की गिरणी, असा त्यांचा हिशोब. कारकुनानं विचारलं, विहीर कुठंय? आबा परत आले आणि पहार घेऊन आमच्या खाचरात विहीर खणायला लागले. जिथं पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो तिथं विहीर! गाव येऊन बघून जायचं. "येड लागलं म्हाताऱ्याला," म्हणायचं. आबा मान वर करत नव्हते. हात सोलपटले तरी खणतच होते.

वैशाखात आईला जरा बरं वाटलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती खड्ड्यापाशी आली. आबा आत छातीइतके उतरले होते. तिनं आत डोकावून बघितलं.

"अवो, एवडं खनलंत," ती म्हणाली. "त्यापरीस रोज शेरभर भात कांडला असतात, तरी भागलं असतं."

आबांनी वर बघितलं. "मी? बाप्या मानसानं?"

रागानं नाही, खरंच न कळून विचारलं त्यांनी. आणि लाज वाटते सांगायला, सरकारला, साहेबाला, बापाला इतक्या शिव्या घातल्या मी, पण तोवर हे मलाही कधी सुचलं नव्हतं.

आई मिरग लागायच्या आत गेली. दहाव्याला पिंडासाठी तांदूळ हवे होते, घरात कांडलेला दाणा नव्हता. मी उठणार तोच आबा उखळाकडं गेले. चार बायका बघत होत्या, त्यांच्यासमोर त्यांनी मुसळ उचललं. आठ-दहा घाव घातले असतील. मग तिथंच खाली बसले.

"लई जड हाय गं ह्ये," म्हणाले.