थोरल्या मामंजींची लढाऊ बोट

आमचे थोरले मामंजी दातांनी ऐकत असत. यात अतिशयोक्ती काही नाही. गोदीत तीस वर्षं बोटींच्या पत्र्यांत रिव्हेट ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते. वीतभर लांबीची एक गुळगुळीत काठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. तिचं एक टोक ते दातांत धरायचे, दुसरं टोक समोरच्या वस्तूला टेकवायचे आणि डोळे मिटायचे. घड्याळ चालू आहे की बंद, नळाला पाणी आलं की नाही, भिंतीपलीकडे शेजारची गोदाक्का वाटण वाटतेय की नुसतीच बोलतेय, सगळं त्यांना दातांतून कळायचं.

गेल्या आठवड्यात ईशानने फोटो पाठवला. टेबलावर मोठं खोकं, त्यात लढाऊ जहाजाचे शेकडो तुकडे, आणि खाली लिहिलेलं, "आजी, हे पूर्ण व्हायला वर्ष लागेल." फोटो पाहिला आणि मला मामंजींचा करडा रंगलेला अंगठा आठवला. तुम्हा दोघा नातवंडांना त्यांच्याबद्दल मी कधी नीट सांगितलंच नाही, म्हणून हे लिहिते.

ते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. सासरे लवकर गेले. सासूबाई मालवणला घर आणि शेत सांभाळून राहिल्या आणि तुमच्या आजोबांना मुंबईत मामंजींनीच वाढवलं. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. मी तिथे लग्न होऊन आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटू लागली होती. मी गिरगावातली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. घरात सगळे मालवणी बोलायचे. ते मला अर्धंच कळे, आणि मी तोंड उघडलं की गोदाक्का शेजारच्या दारातून म्हणायची, "रेडियो लागलो गो, ऐका!" त्यामुळे पहिले दोन महिने मी जवळजवळ मुकीच होते. एक न ऐकणारे आणि एक न बोलणारी, असे आम्ही दोघं, ते गोदीतून परतले की, त्या घरात वावरत असू.

एका संध्याकाळी मामंजींनी माळ्यावरून एक लाकडी खोकं खाली उतरवलं. इंग्रज गेले तेव्हा गोदीतला एक गोरा फोरमन ते त्यांना देऊन गेला होता. आत लाकडाच्या बरगड्या, पातळ पट्ट्यांच्या जुड्या, पितळी तोफा, गुंडाळलेला नकाशा आणि सोळा पानांची इंग्रजी पुस्तिका. खरी बोट साडेतीनशे फूट लांब, ही जोडून झाल्यावर पाच फूट होणार होती. खरी बोट मामंजींच्या ओळखीची होती. लढाईच्या दिवसांत ती कुशीला भलं मोठं भोक घेऊन त्यांच्या गोदीत आली होती.

"वाच गो," ते म्हणाले. "मोठ्यान वाच. बोट तयार झाली काय नारळी पुनवेक पाण्यात सोडूया. बोट म्हणजे पाण्याची लेक. घरात रवली तर रुसता."

मी पुस्तिका उघडली. पहिल्याच पानावर, चौकटीत, जाड अक्षरांत सूचना होती: ही प्रतिकृती केवळ शोभेसाठी आहे. ती कोणत्याही परिस्थितीत पाण्यात सोडू नये.

मी मान वर केली. ते काठीचं टोक खोक्याला लावून, डोळे मिटून बसले होते. जणू आत समुद्र असावा आणि तो त्यांना ऐकू येत असावा. मी क्षणभर थांबले. मग पान उलटलं आणि मराठी करत मोठ्याने वाचलं, "पहिली बरगडी तळाच्या कण्यावर काटकोनात बसवावी."

त्यांनी मान हलवली. माझ्या संसारातलं पहिलं खोटं मी असं बोलले. म्हणजे बोलले नाही, गाळलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी वाचन. त्यांना ऐकू जावं म्हणून मी ओरडून वाचत असे, त्यामुळे बोट कशी बांधायची हे सगळ्या मजल्याला पाठ झालं. "आज कितवी बरगडी गो, रेडियो?" गोदाक्का नळावर विचारायची. मी हसून आकडा सांगायची. माझं मुकेपण कुठल्या बरगडीपाशी गेलं ते आता आठवत नाही.

मामंजींचं काम म्हणजे एक प्रकारची झोप होती. लाकडाची पट्टी कोमट पाण्यात भिजवायची, वाफेवर धरायची आणि ती आपणहून वाकेपर्यंत नुसतं बघत बसायचं. ओढायचं नाही. "घाई नको. दर्याक घाई नसता," ते म्हणायचे. रंगासाठी त्यांनी अख्खा एक श्रावण घालवला. पुस्तिकेत 'करडा' एवढंच होतं. ते दर रविवारी वरळीला जाऊन समुद्र पाहून यायचे आणि परत आल्यावर बशीतल्या पांढऱ्यात थोडं काळं, थोडं निळं मिसळायचे. तीन रविवारांचे तीन करडे झाले. चौथ्या रविवारी त्यांनी बशी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "थंड दिसता मा?" मी हो म्हटलं. तो रंग बोटीला लागला.

रात्री बोट आढ्याच्या दोन कड्यांना कापडाच्या झोळीत टांगून ठेवायची, कारण जमिनीवर आम्हीच कसेबसे मावत होतो. गोदाक्काने एकदा वर पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "पाळणो तर बांधलास. पण आत लढाईची बोट कशी गो जन्माक इली?" मी लाजेने चुलीकडे वळले.

मग संचारबंदीचे दिवस आले. गोळीबाराच्या बातम्या येत होत्या. तुमच्या आजोबांना सत्याग्रहात पकडून नेलं होतं आणि ते कुठे आहेत हे चार दिवस कळलं नाही. गिरण्या बंद, रस्ता रिकामा, दुपारचं ऊन गॅलरीत मांजरासारखं पडलेलं. मामंजींनी काठी फरशीला टेकवली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "गिरणी नाय. जमीन निजली हा." मग माझ्यापुढे टाचण्यांची डबी आणि काळा दोरा ठेवला. बोटीचा कठडा करायचा होता. प्रत्येक टाचणी सारख्या उंचीची कापायची, डेकवर रोवायची आणि तिला दोऱ्याचे तीन पदर गुंडाळत पुढे जायचं. "हात चलत रवले काय जीव थाऱ्यार रवता," एवढंच ते बोलले. चौथ्या दिवशी संध्याकाळी आजोबा दाढी वाढलेले, हसत दारात उभे राहिले तेव्हा माझा कठडा अर्ध्या बोटीला पोचला होता. आजही मला त्या चार दिवसांत भीती आठवत नाही, टाचण्यांची एक सरळ ओळ आठवते.

पण ती गाळलेली ओळ काही जाईना. पुढची पानं वाचली तशी माझी खात्रीच पटली. पट्ट्या पातळ, वरच्या तोफा भरीव पितळेच्या. पाण्यात गेली की ही उलटणार. चार वर्षांचं काम चाळीच्या डोळ्यांदेखत बुडणार, आणि ते माझ्यामुळे. एकदा मी आजोबांना सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक त्यांना," ते म्हणाले.

"तुम्ही सांगा ना. तुमचे काका आहेत."

"मी? त्यापेक्षा मी परत तुरुंगात जातो."

मी दोनदा धीर करून मामंजींपुढे जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा ते काठी दातांत धरून बोटीची पट्टी न् पट्टी ऐकत होते, कुठे पोकळ लागते का ते. मी परत फिरले.

डाव्या कुशीवर त्यांनी पितळेचा एक वेडावाकडा तुकडा ठोकला तेव्हा मात्र मी बोलले. "मामंजी, नकाशात हे नाही. नकाशात कूस सरळ आहे."

"नकाशो काढलो तेव्हा ती जखमी जावक नव्हती," ते म्हणाले. मग हात थांबवून त्यांनी सांगितलं. लढाईत ती बोट आली तेव्हा वेळ नव्हता. त्यांच्या टोळीने भोकावर एकावर एक असे दोन पत्रे चढवले, जरुरीपेक्षा जड. बोट निघाली ती डावीकडे कलूनच. धक्क्यावरचे खलाशी हसले. "हसले तर हसले. वाकडी गेली, पण गेली," असं म्हणून मामंजींनी त्या ठिगळावर एकेक बारीक खिळा मारला. त्यांच्या हातचे रिव्हेट होते ते.

तुमच्या बाबांचा जन्म झाला तेव्हा आढ्याच्या कड्या दोनच होत्या. मी काही म्हणायच्या आत मामंजींनी बोट उतरवून स्वतःच्या अंथरुणाच्या जागी ठेवली आणि स्वतः गॅलरीत झोपू लागले. "ल्हान होडी इली. मोठीन सरकाक होया," ते म्हणाले.

पुढे महाराष्ट्राचं राज्य झालं. चाळीतल्या मंडळींना वाटत होतं की मिरवणुकीत ही बोट हवी, तिच्यावर झेंडे हवेत. मामंजींनी मिठाई वाटली, स्वतः नाचले, पण बोट दिली नाही. "राज्याची पुनव येगळी, बोटीची येगळी. तिची येवंदे."

तिची पुनव श्रावणात आली. सकाळी ते चौपाटीवर नारळ वाहून आले आणि येताना तांब्याच्या कळशीत समुद्राचं पाणी घेऊन ट्रामने परतले. कंडक्टरने विचारलं, "काय आजोबा, गंगा आणलीत का?" "गंगा नाय, दर्या," असं म्हणून त्यांनी कळशी मांडीवर घट्ट धरली. चाळीच्या मागे घोडागाड्यांच्या काळातला एक लांबट दगडी हौद होता. तो भरला होता. त्यात त्यांनी कळशी ओतली. गोदाक्काने बोटीला हळदकुंकू लावलं. सगळे मजले कठड्यांवर वाकले होते.

मला राहवेना. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "मामंजी, थांबा! पुस्तिकेत लिहिलंय, पाण्यात सोडू नका म्हणून. मी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

हे अर्थातच सगळ्या चाळीने ऐकलं.

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि दोन्ही हात पाण्यात घालून बोट हळूच सोडली.

ती खाली गेली, वर आली, आणि डोलत डोलत डावीकडे कलली. इंचभर कलली आणि तिथेच थांबली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती तशीच वाकडी, करडी, त्या हिरव्या पाण्यावर उभी होती, आणि मामंजी लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. "कलली! बघा, कलली! आता खरी तीच ही!" त्यांनी काठी दातांत धरली, दुसरं टोक बोटीच्या नाकाला टेकवलं आणि कितीतरी वेळ तसेच वाकून ऐकत राहिले. काय ऐकलं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. "गोदीतल्या कारकुनान ती ओळ माका पयल्याच दिवशी वाचून दाखवल्यान होती," ते म्हणाले. "म्हणान नऊ वर्सां खोकां माळ्यार रवलां. पाण्यात जावची नाय तर बांधू कित्याक? मग तू इलंस. म्हटलां, बघूया, ही काय वाचता."

"मी गाळलं ते तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर ऐकू येत नाही."

"तू थांबलंस गो. शब्द धड आयकाक येनत नाय. थांबलेलां येता." मग म्हणाले, "तेव्हाच ठरवलंय, ही बोट पाण्यात जातली."

पुढच्या वर्षी त्यांनी गोदी सोडली आणि मालवणला जायला निघाले. भाऊच्या धक्क्यावर मी आणि आजोबा पोचवायला गेलो होतो. माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बोट त्यांनी कोणा हमालाला हात लावू दिली नाही. आगबोट सुटली तेव्हा ते कठड्याशी उभे होते. काठीचं एक टोक दातांत होतं, दुसरं आगबोटीच्या लोखंडाला टेकवलेलं. मी हात हलवत होते, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. ते गेल्याची तार दोन पावसाळ्यांनी आली. मालवणच्या घरातली बोट पुढे कुठे गेली, कोणाला ठाऊक नाही.

तिचा एक तुकडा मात्र माझ्याकडे आहे. त्या दिवशी हौदात डेकवरची एक होडी सुटून तरंगत राहिली होती. मामंजींनीच भेंडीच्या झाडाच्या लाकडातून कोरलेली, करंगळीएवढी. मामंजींनी ती परत चिकटवली नाही. तुमच्या बाबांच्या मुठीत दिली. बाबा ती चावत मोठे झाले, म्हणून तिच्या एका बाजूला दातांच्या खुणा आहेत.

ईशान, ती तुला पार्सलने पाठवते आहे. तुझ्या खोक्यातल्या कागदावर काय करू नये त्याची यादी असेलच. नीट वाच, सगळी वाच. होडीची काळजी करू नकोस. आज सकाळीच मी ती बादलीत सोडून पाहिली.