थर्मासमधले तीन कप

जास्मिन चहाचं पाकीट फोडलं की अजूनही मला कॅनडातल्या रेजिना शहरातली ती बोचऱ्या वाऱ्यातली दफनभूमी आठवते. माझ्या शेजारच्या ब्याण्णव वर्षांच्या आजींना त्या दिवशी तिथे पुरलं. त्यांचे आईवडील चीनहून इथे आलेले. आजींनी लग्न केलं नाही. आईवडिलांच्या म्हातारपणी दोघांचं गू-मूत त्यांनी एकटीने काढलं. धाकटा भाऊ व्हँकूव्हरला. तो उगवला तो फक्त दोन्ही अंत्यविधींना, आणि त्यांच्या रिवाजाप्रमाणे थडग्यावर ओतायच्या चहाच्या तीन कपांतला पहिला मुलगा म्हणून त्यानेच ओतला, आजींना मागे उभं करून. दर वसंतात आजी थर्मास घेऊन आईवडिलांना चहा द्यायला जायच्या, गाडी मी चालवायचे. "माझ्या वेळी पहिला कप तू ओत," त्या एकदा म्हणाल्या, "आणि त्याच्या हाती थेंबही लागू देऊ नकोस." आजींना पुरलं त्या दिवशी थर्मास माझ्याकडेच होता. ऐंशी पार केलेला भाऊ ऐटीत पुढे आला आणि हात पसरून म्हणाला, "दे इकडे, हे घरच्यांचं काम आहे." त्याच्या डोळ्यांत बघत मी पहिला कप ओतला. दुसरा ओतला. तिसराही ओतला. गारठलेल्या मातीतून वाफ निघाली. मग थर्मास त्याच्या तळहातावर उपडा धरून मी म्हटलं, "संपला." सगळ्यांसमोर तो हात तसाच राहिला. लोकांना वाटलं, चहा कमी पडला. पण सकाळी मीच मोजून तीन कप भरले होते. अजूनही दर वसंतात तेवढेच भरते.