देवीची मोटार आणि शेळीची दोरी

देवीवर माझा विश्वास होता की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या दिवशीच्या माझ्या वागण्याची मात्र लाज वाटते, म्हणून लिहितो आहे.

देवळाली प्रवराजवळच्या आमच्या गावात यात्रेला देवीचा मुखवटा एका जुन्या मोटारीतून प्रवरेवर स्नानाला जातो. वीस वर्षं ती मोटार अप्पा, म्हणजे माझे वडील, उपाशीपोटी चालवतात. यंदा आदल्या सकाळी इंजिन खडखडू लागलं. झाकण उघडलं, तर एका व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली. अप्पा म्हणाले, "जागेवरच बदलू." मी इंजिनिअरिंगला आहे, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. पंचांसमोर मी म्हणालो, "तुम्हाला यातलं काय कळतं? स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह आत पडेल. इंजिनच बाहेर काढावं लागेल." खरं तर मला माहीत नव्हतं, पण तसं म्हणवलं नाही. पंचांनी लगेच देवीसाठी टेम्पो सांगितला. अप्पा फडक्यानं हात पुसत राहिले. मी देवळात जाऊन बसलो, पण मुखवट्याकडे बघवेना.

बाहेर आलो तेव्हा घोडेगावच्या बाजारातून परतणारा एक म्हातारा शेळ्यांचा व्यापारी पाण्यासाठी थांबला होता.

"इंजिन उतरवावं लागंल म्हनतो पोरगा," अप्पा त्याला सांगत होते.

"उतरवायला ते काय घोड्यावरचा नवरदेव हाय व्हय?"

त्यानं एका शेळीची सुती दोरी सोडली, धुतली, उन्हात वाळवली आणि टोक बाहेर ठेवून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये सारली. अप्पांनी इंजिन हातानं फिरवलं. पिस्टन वर आला आणि दोरीचा गोळा व्हॉल्व्हला खालून टेकला. आता स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडणार नव्हता. अप्पांच्या सुट्या भागांच्या डब्यातली एक जुनी स्प्रिंग बसली, दोरी ओढून काढली आणि मोटार सुरू झाली.

पंच धावत आले. "कुनी केलं?"

"पोरगं हुतं की संगं," अप्पा म्हणाले.

ते मला सोसलं नाही. "मी काही केलं नाही. मला येत नव्हतं, म्हणून इंजिन काढा म्हणालो."

"मग कालेजात काय शिकवत्यात रं?" कुणीतरी हसलं.

"जाऊ द्या," अप्पा म्हणाले. "टेम्पोवाल्याला न्हाई म्हनून कळवा."

या गडबडीत म्हातारा निघून गेला. त्याचं नावही मी विचारलं नव्हतं. त्याला देवीनं धाडलं की तहानेनं, याचा मी आता विचार करत नाही. दुसऱ्या दिवशी अप्पांनीच मुखवटा नदीवर नेला. मी मोटारीमागून चाललो. स्नान झाल्यावर हात जोडले, पण मागणं सुचेना. मला जे जे येत नाही ते एकेक करून देवीला सांगत गेलो. बराच वेळ लागला.