या चित्रात कोण नाही?

मानवतला आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर कुठल्याच चित्राला छान म्हणत नसत. मान तिरपी करून विचारत, "यात कोन न्हाई?" सत्ता कुणाला दाखवते, कुणाला गप्प बसवते, यावरची पुस्तकं ते वाचत.

विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव तणाव होता, तेव्हा प्रदर्शनात संस्थेच्या अध्यक्षांनी 'आमचं गाव' या चित्राला बक्षीस दिलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "साहेब, देऊळ हाय, पाटलाची गढी हाय. दलित वस्ती कुठं गेली?"

मी घाबरून त्यांची बाही ओढली.

"चित्र हाय ते, मास्तर. राजकारण करू नका," अध्यक्ष म्हणाले.

"वस्ती गाळली तवाच राजकारण झालं की, साहेब."

संध्याकाळी त्यांना घरी सोडायला गेलो. वाटेत मीच सारखा मागं वळून बघत होतो, ते शांत होते. दारापाशी मात्र त्यांना काही केल्या किल्ली कुलपात घालता येईना, शेवटी कुलूप मलाच उघडावं लागलं.