बसमधला कुलूपबंद बोगदा

निपाणी-बेळगाव बसमध्ये माझ्या शेजारची मुलगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला फोन आला: ती ज्याची यंत्रं सांभाळायची, त्या बेळगावच्या कारखान्यात भट्टी बंद पडली होती आणि आतलं लोखंड गोठायला आलं होतं.

"हितनंच इंटरनेटवरनं भट्टीच्या यंत्रापर्यंत कुलूपबंद बोगदा काढते, आज्जी, म्हंजे फकस्त माझ्यापुरती वाट. त्यात दुसरं कुणी शिरत न्हाय," ती म्हणाली.

थोड्या वेळात भट्टी चालू झाली. फोनमधून मॅनेजरचा आवाज आला, "आक्का, बोगदा राहू दे की उघडा. परत लागंल."

"लागंल तवा परत काढीन, अण्णा." तिनं बोगदा बंद केला आणि बंद झालाय का, ते दोनदा तपासलं.

तिच्या वयात मी शहाणी घराची किल्ली तुळशीखाली ठेवायची आणि गल्लीभर सांगत फिरायची.

ती संकेश्वरला उतरली. "नात काय, आज्जी?" कंडक्टरनं विचारलं.

"व्हय की!" मी बेधडक ठोकून दिलं.