वकिलातीला पाठवलेले शिफारसपत्र

इराणमध्ये राजा जाऊन धर्मशास्त्र्यांचे राज्य आले, तेव्हा आमच्या माडीवरच्या खोलीत एक इराणी विद्यार्थी राहत असे. औषधनिर्माणशास्त्र शिकायला तो नागपुरात आला होता. मराठी मात्र त्याने बाजारात उचलली होती. वर्तमानपत्रांत ओलीस, युद्ध, फाशी यांच्या वार्ता येत. तरीही मी म्हणे, ज्यांनी जन्मभर शास्त्राचे अध्ययन केले, त्यांच्या हातून अन्याय कसा घडेल?

"तुमाले पाहिजे असंन तर घेऊन जा ना जी, काकाजी, आमचे पंडित," तो हसे. "संग पोलीस फुकट."

"आधी जेवू द्या त्याला," आमच्या सौभाग्यवती म्हणत. "राज्य मग चालवा."

पुढे इराकशी चाललेले युद्ध लांबले. त्याचा पासपोर्ट संपत आला आणि नूतनीकरणाच्या अर्जाला इराणी वकिलातीकडून चार महिने उत्तर नव्हते. पासपोर्टावाचून येथे राहण्याचा परवाना मिळत नसे. परतावे, तर आघाडीवर रवानगी ठरलेली. थोरला भाऊ तर आधीच तुरुंगात होता. काळजीने या मुलाला अन्न गोड लागेना.

मी शिकलो त्या संस्कृत पाठशाळेत शिष्याची शिफारस करताना गुरुजी त्याचे अंतःकरण उघडे करून दाखवीत. काही लपवणे हा दोष मानीत. त्याच रीतीने, त्याला न विचारता, मी वकिलातीला इंग्रजीत पत्र लिहिले : हा मुलगा सत्यवचनी आहे; कारागृहातील भावासाठी रोज अश्रू ढाळतो; धर्माच्या नावाने राज्य करणाऱ्यांनी आधी दया शिकावी, असे निर्भयपणे बोलतो.

तीन आठवड्यांत त्याच्या नावे उत्तर आले. अर्ज नामंजूर, त्वरित मायदेशी हजर व्हावे. कारण म्हणून त्याच्या 'नागपुरातील वक्तव्यांचा' उल्लेख होता.

"हे त्याहिले कोनं सांगितलं जी?"

मी सांगितले. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मी क्षमा मागितली. परवान्याचे अकरा दिवस उरले होते.

"त्या पत्राची नक्कल हाय का, काकाजी?"

"आता ती कशाला?"

"तिकडे विचारतीन ना. मी काय काय बोललो, ते मले तं माहीत पाहिजे."

मी नक्कल आणून दिली. परीक्षेचा पाठ घोकावा तसा तो ओठ हलवीत वाचू लागला. एका शब्दाशी अडला. मी शेजारी बसून त्याचा अर्थ समजावून सांगितला.